ओल, पणग आणि यतना : मावळातल्या घराचे चार महिने

मावळ तालुक्यातील पाले गावाजवळच्या डोंगरात एक लहानसे लेणे आहे. तेथील ब्राह्मी लेखाचा आरंभ अरिहंतांना नमस्कार करून होतो आणि भदंत इंद्ररक्षिताने लेणे करविले, त्याबरोबर पोढीही करविली, असे तो सांगतो. डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी प्रकाशात आणलेला हा लेख दोन हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो, आणि महाराष्ट्रातील जैन परंपरेचा सर्वांत जुना कोरीव पुरावा म्हणून अनेक अभ्यासक त्याकडे पाहतात. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. निवारा आणि पाण्याची व्यवस्था यांचा उल्लेख एकाच लेखात, एकाच दमात झाला आहे. मावळात घर बांधणाऱ्याला त्याचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही. येथे पाण्याला जागा नेमून दिली नाही, तर ते आपली जागा आपणच शोधते, आणि ती बहुधा कपाटामागे किंवा माणसाच्या उशाशी असते.

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सुमारे ६५ किलोमीटरवरच्या पुण्यात त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढाही पडत नाही. खंडाळ्याहून मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव असे पूर्वेकडे यावे तसतसा पाऊस ओसरत जातो. हाच पाऊस लोणावळा, वळवण आणि शिरोता येथील तलावांत साठवून १९१५ पासून खोपोलीला वीज निर्माण होते. तोच घराच्या भिंतीत साठला, की गिलाव्याला पोपडे येतात, गाद्यांना कुबट वास येतो, दुकानातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे तळ मऊ पडतात आणि वह्यांच्या पुठ्ठ्यांवर करडी लव उगवते.

जैन घरात या लवेचे नाव नुसते ‘बुरशी’ नसते. सामायिकापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या इरियावहियं सूत्रात ज्यांच्या विराधनेबद्दल क्षमा मागितली जाते, त्यांत दव, मुंग्यांची वारुळे, पणग, पाणी, माती आणि कोळ्याची जाळी यांचा उल्लेख लागोपाठ येतो. पणग म्हणजे शेवाळ-बुरशी. घरोघरी तिलाच लीलन-फूलन, नील-फूग किंवा नुसते निगोद म्हणतात. श्रावणात पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले कपाट पुढे ओढून मागे पाहावे. ही सगळी मंडळी तेथे जमलेली आढळतात.

बुरशी अनंतकाय असल्यामुळे इतरांच्या घरी जे काम एका फडक्याचे आहे, ते येथे धर्मसंकट होऊन बसते. पुसावे तर विराधना होते. न पुसावे तर वाढ होते आणि उद्याची विराधना आजच्याहून मोठी ठरते. त्यातच घरात दम्याचे मूल किंवा वृद्ध आजी असेल, तर वाट पाहण्याची सोयही राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांमध्ये खोकला, छातीतली घरघर, दमा आणि श्वसनमार्गाचे संसर्ग अधिक आढळतात, हा तिचा निष्कर्ष आहे. शिवाय बाजारातल्या जंतुनाशकांनी बुरशी मेली, तरी तिचे कण भिंतीवर आणि हवेत राहतात, आणि मृत कणांचीही ॲलर्जी होते. ओल तशीच असेल तर काही आठवड्यांत नवी बुरशी त्याच जागी येते. म्हणजे मारण्याचा मार्ग धर्माला मान्य नाही आणि आरोग्यशास्त्राच्या दृष्टीनेही तो अपुरा आहे. उगवूच न देणे हा एकच मार्ग उरतो, आणि त्याला परंपरेत यतना हा शब्द आहे. आधीच उगवलेल्या जागेचे काय करावे, हे प्रत्येक कुटुंबाने आपल्या गुरुभगवंतांना विचारून ठरवावे. येथे विचार आहे तो उगवण्यापूर्वीचा.

पूर्वाचार्यांना हवेतल्या ओलीचे गणित ठाऊक होते. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस आहे. श्वेतांबर परंपरेत मिठाई हिवाळ्यात तीस दिवस, उन्हाळ्यात वीस आणि चातुर्मासात पंधराच दिवस चालते. पीठ तेच, मिठाई तीच, स्वयंपाकघरही तेच. बदलते ती हवा. जो नियम डब्याला लावला, तो घरालाही लावला पाहिजे, इतकाच पुढचा विचार.

प्रथम शोधावे, की ओल येते कोठून. मावळात तिचे तीन मार्ग आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केल्यामुळेच सर्वाधिक पैसा वाया जातो.

पहिला मार्ग वरून आणि बाजूने. येथला पाऊस वाऱ्यावर आडवा होऊन येतो. नैऋत्येची झड पश्चिमेच्या भिंतीवर दिवसचे दिवस आपटत राहते. जुन्या घरांची वळचण रुंद असे, कौले खाली उतरलेली असत, आणि पावसाळ्यापूर्वी उघड्या भिंतीवर गवताचे आवरण बांधले जाई. आता त्या जागी निळी ताडपत्री दिसते. दिसायला ती ओबडधोबड असली, तरी महागड्या रंगापेक्षा भिंतीचे अधिक रक्षण करते. आजच्या सपाट स्लॅबच्या घरांनी वळचण टाकून दिली आणि तिच्याबरोबर भिंतीची छत्रीही गेली. खिडकीवरची छज्जी हातभर पुढे हवी, तिच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच हवी, आणि गच्चीवर विटांच्या तुकड्यांच्या कोब्याला पन्हळीकडे स्पष्ट उतार हवा. गच्ची गळते की नाही हे जुलैत कळून उपयोग नाही. चैत्रात पन्हळ बंद करून गच्चीवर दोन बोटे पाणी दोन दिवस उभे करावे आणि खालचे छत पाहावे. दुरुस्ती अक्षय्य तृतीयेपर्यंत उरकली, तर कोब्याला सुकायला अवधी मिळतो. वर्षीतपाच्या पारण्याची तिथी लक्षात राहते, तशी हीही राहील.

दुसरा मार्ग खालून. जोत्यात ओलरोधक थर नसेल, तर जमिनीतले पाणी भिंतीत चढते आणि बहुधा कमरेच्या उंचीपर्यंत येऊन थांबते. तेथे आडवी डागाळलेली रेघ दिसते आणि पांढरा लोणा फुटतो. या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक किंवा तेलाचा रंग दिला, की पाण्याला खोलीकडे सुकून जाण्याची वाट बंद होते आणि ते आणखी वर चढते. पुढच्या वर्षी रेघ खांद्यापर्यंत आलेली असते, आणि रंगाऱ्याला दोष दिला जातो. येथे बाहेरून उपाय हवा. घराभोवतीची जमीन जोत्यापासून दूर उतरती करावी, पागोळ्यांचे पाणी भिंतीलगत पडू न देता चरातून दूर न्यावे. आतून चुन्याचा गिलावा द्यावा. चुना पाण्याला बाहेर जाऊ देतो, आणि ताजा असेपर्यंत इतका क्षारधर्मी असतो की त्यावर बुरशी सहजी मूळ धरीत नाही. दरवर्षी चुना लावण्याच्या जुन्या रिवाजात गरिबीपेक्षा शहाणपण अधिक होते.

तिसरा मार्ग सर्वांत दुर्लक्षित आहे, कारण ते पाणी दिसत नाही. घरातली माणसेच ते हवेत सोडतात. श्वास आणि घाम यांतून एक माणूस दिवसाला साधारण लिटरभर पाणी हवेला देतो. धुतलेले कपडे आत वाळत घातले, की दीड-दोन लिटरांची भर पडते. स्वयंपाकाचा गॅस जळतानाही पाणी तयार होते: एक किलो गॅसमागे सुमारे दीड किलो. १४.२ किलोचे एक सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या हवेत सुमारे २२ लिटर पाणी सोडते, आणि यात पातेल्यातली वाफ धरलेली नाही.

जैन घरात तर चातुर्मासात आणखी एक मोठी बाब असते. उकळलेल्या पाण्याची मर्यादा पावसाळ्यात तीन प्रहरांचीच असल्याने पाणी दिवसातून पुन्हा पुन्हा उकळले जाते आणि लवकर निवावे म्हणून रुंद परातींत पसरले जाते. आयंबिल किंवा अठ्ठाई चालू असलेल्या घरात अशा चार-चार पराती ओट्यावर वाफाळत असतात. ती वाफ शेजारच्या खोलीतल्या थंड भिंतीवर जाऊन बसते आणि घरचे म्हणतात, छत गळते आहे! पाणी उकळणे थांबवायचे नाही. ओट्यावर वाफ बाहेर फेकणारा पंखा बसवावा, पाणी निवेपर्यंत तो चालू ठेवावा आणि स्वयंपाकघराचे दार त्या वेळी लोटून घ्यावे. चउविहार पाळणाऱ्या घरात संध्याकाळची चूल सूर्यास्तापूर्वी विझते, ही या बाबतीत मोठी अनुकूलता आहे. रात्री जेवण शिजणाऱ्या घरातली वाफ रात्रभर कोंडून राहते. येथे ती बाहेर काढायला पुरेसा वेळ मिळतो.

ओल भिंतीतून येते की हवेतून, याची परीक्षा सोपी आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस बसवावा. थेंब खोलीच्या बाजूने आले तर पाणी हवेतले. प्लास्टिकच्या मागे आले तर भिंतीतले. काही शे रुपयांत मिळणारे आर्द्रतामापक यंत्रही घरात असावे. दुकानात तराजू असतो, तसे ते घरात असावे, म्हणजे अंदाजाने खर्च होत नाही. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर दिवसचे दिवस राहिली, की बुरशीला पुरेसे असते. पुस्तकांवर आणि कपड्यांवर वाढणाऱ्या काही जाती त्याहून कमीतही तग धरतात. घरात ६० टक्क्यांच्या आसपास राहण्याचे लक्ष्य धरावे. एखादी वस्तू भिजलीच, तर ती दोन दिवसांच्या आत पूर्ण सुकवावी. त्यापुढे उगवण सुरू होते.

‘खिडक्या उघडा, हवा खेळू द्या’ हा सल्ला पुण्यात चालतो, लोणावळ्याच्या जुलैत चालत नाही. बाहेर २३ अंश तापमान आणि ९५ टक्के आर्द्रता असेल, तर दर घनमीटर हवेत साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास पाणी असते. दहा बाय बाराच्या खोलीत २५ अंशांवर आर्द्रता ६० टक्क्यांवर आणायची, तर त्या हवेतून सुमारे २०० ग्रॅम, म्हणजे पेलाभर पाणी काढावे लागेल. आणि खिडकी उघडी राहिली तर हवा बदलताच तितकेच पुन्हा आत येते. म्हणून वाफ निर्माण होत असेल तेवढा वेळ ती जोराने बाहेर काढावी, आणि एरवी ढग घरात शिरत असताना खिडक्या मिटलेल्या ठेवाव्यात. उघडीप मिळाली, ऊन पडले, की मात्र सगळे उघडावे. याच हिशेबाने कपाटात ठेवायच्या ओल शोषणाऱ्या डब्यांकडेही पाहावे. त्यांची ताकद काही शे ग्रॅमची असते. घट्ट मिटलेल्या लहान कपाटात ते उपयोगी पडतात, खोलीत ठेवले तर पैसे पाण्यात. कापूर आणि डांबराच्या गोळ्या वास झाकतात. पाण्याला त्या हात लावीत नाहीत. ओल खेचणारे विजेचे यंत्र मात्र खरे काम करते. त्याची नळी न्हाणीघराच्या मोरीत सोडावी, नाहीतर टाकी भरून ते आपोआप बंद पडते. सामान्य घराला असे एक यंत्र कपडे आणि अंथरुणे असलेल्या खोलीत पुरते.

मुंबई-पुण्याच्या अनेक व्यापारी कुटुंबांची लोणावळा-खंडाळ्यात दुसरी घरे आहेत, आणि जूनमध्ये लावलेले कुलूप दिवाळीत उघडल्यावर आत काय दिसते हे त्यांना सांगायला नको. बंद घरात वाफ निर्माण होत नाही, म्हणून ते कोरडे राहील असे वाटते. परंतु जमिनीतून आणि पश्चिमेच्या भिंतीतून येणारे पाणी थांबत नाही आणि त्याला जायला वाट नसते. अशा घरात बुरशीला खाद्य ठेवू नये हे उत्तम. प्लायवुड, पुठ्ठा, कापसाच्या गाद्या, भिंतीला चिकटवलेला कागद, साचलेली धूळ हे तिचे अन्न आहे. दगड, चुना, काच आणि धातू यांवर तिला फारसे काही मिळत नाही. गाद्या उभ्या करून खोलीच्या मध्यभागी ठेवाव्यात, कपाटे भिंतीपासून वीतभर दूर आणि दारे उघडी असावीत, आठवड्यातून एकदा कोणीतरी घर पाहून जावे. बुरशी आलेल्या घरात नंतर जी स्वच्छता होते ती नोकरमाणसांच्या हातून होते. ती विराधना आपल्या खाती जमा होत नाही, असे कोणी समजू नये.

दुकानाच्या गोदामाचे नियम याहून वेगळे नाहीत. पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून माणूस फिरू शकेल इतकी दूर रचावीत. शेंगदाण्याबाबत विशेष सावध राहावे, कारण ओलसर शेंगदाण्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते आणि ते भाजल्यानेही पूर्ण जात नाही. चिक्कीच्या गावात हे सर्वांना ठाऊक असायला हवे. वस्तू-सेवा कराची कागदपत्रे ७२ महिने सांभाळावी लागतात. म्हणजे निदान सहा पावसाळे.

सर्वांत कठीण परीक्षा उपाश्रयाची असते. मुंबई-पुणे विहाराच्या वाटेवर ही गावे आहेत, आणि आषाढी चौदस ते कार्तिकी चौदस साधु-साध्वी जेथे थांबतील तेथे चार महिने राहणार. विजेची यंत्रे त्यांच्या आचारात बसत नाहीत. पंखा नाही, ओल खेचणारे यंत्र नाही. ओल्या, शेवाळलेल्या जागेवर ते पाऊल ठेवू शकत नाहीत, आणि भिंतीवर लीलन-फूलन दिसली तर ती पुसण्याऐवजी तो कोपरा, प्रसंगी ती खोलीच त्यांना सोडावी लागते. चार खोल्यांचा उपाश्रय भाद्रपदात दोन खोल्यांचा होतो. म्हणून तेथे इमारतीनेच सगळे काम केले पाहिजे: रुंद वळचण, पश्चिमेला झाकलेली पडवी, चुन्याच्या भिंती, प्लायवुडऐवजी धातूची किंवा दगडी मांडणी, अंगणाच्या फरशीला उतार. विश्वस्त मंडळाच्या सभेत हा विषय बहुधा ज्येष्ठात निघतो, तेव्हा उशीर झालेला असतो. तो चैत्रात निघाला पाहिजे.

हे विजेविना शक्य आहे का, अशी शंका कोणाला आली, तर कार्ल्याचा डोंगर जवळच आहे. तेथील बौद्ध चैत्यगृह जंबुद्वीपात श्रेष्ठ असल्याचे सांगणारा लेख वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा आहे. म्हणजे तेही एका व्यापाऱ्याचेच काम. त्याच्या छताला लावलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे, मावळाच्या पावसात, आजही जागेवर आहेत. त्याची कारणे अनेक असतील, पण दोन पाहणाऱ्याला सहज दिसतात. लाकूड जमिनीला कोठेही टेकलेले नाही. आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या त्या सभागृहासमोर दगडी पडवी आहे, जी झड अंगावर घेते, तर वरच्या प्रचंड कमानीतून हवा आत-बाहेर करीत राहते.

ग्रंथांविषयी तर आपल्याकडे दोन तिथीच नेमलेल्या आहेत. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला दिगंबर समाज श्रुतपंचमी साजरी करतो आणि कार्तिक शुद्ध पंचमीला श्वेतांबर समाज ज्ञानपंचमी. एक पावसाच्या तोंडावर येते, दुसरी पाऊस सरल्यावर, आणि दोन्ही दिवशी शास्त्रे बाहेर काढून, झाडून, नवी वेष्टने घालून ठेवण्याचा प्रघात आहे. घरच्या पोथ्या आणि पुस्तके दोन्ही तिथींना हाताळावीत. ज्येष्ठात ती पश्चिमेच्या भिंतीवरून हलवून आतल्या भिंतीला, जमिनीपासून हातभर उंच न्यावीत. सुती वेष्टन घालावे. प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तक कोंडले, की आतली ओल आतच राहते. वेखंडाची पुरचुंडी कसरीला दूर ठेवते, ओलीला नव्हे.

घराला रंग देण्याचाही यानिमित्ताने फेरविचार व्हावा. व्यापारी घरात रंगकाम दिवाळीपूर्वी होते, आणि मावळात त्या वेळी भिंत वर्षातली सर्वांत ओली असते. वरून दिलेला रंग ते पाणी कोंडून धरतो आणि माघात फुगून येतो. वहीपूजनाला घर स्वच्छ असावे, झाडलेले असावे. भिंतीला मात्र हिवाळ्याची कोरडी हवा पिऊ द्यावी आणि रंगाऱ्याला फाल्गुनात बोलवावे.

कार्तिकात एखादे पुस्तक ओलसर निघालेच, तर ते उन्हात टाकू नये. कागद वाकडा होतो आणि शाई उडते. दर दहा-बारा पानांनंतर कोरा, शाई न शोषलेला कागद घालून, पुस्तक उभे करून, सावलीत वाऱ्यावर ठेवावे आणि ते कागद रोज बदलावेत. चार-पाच दिवसांत पाने एकमेकांपासून सुटी होतात. तोपर्यंत ते कपाटात परत ठेवू नये, आणि कपाटाची मागची भिंतही त्याच वेळी हाताने चाचपून पाहावी.